समासातलं प्रश्नचिन्ह

कसबा पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

चि. समर्थ यास,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला तुझी बहीण ऋतिका वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते आहे. ऋतिका, माझं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचू नकोस, सरळ फोन कर.

परवा तुमच्या आई येऊन गेल्या. वाघोलीहून दोन बस बदलून आल्या आणि पुढे आमच्या गल्लीपर्यंत चालत. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या आणि तळाशी रुमालात बांधलेले चार पेन ड्राइव्ह. तुझ्या परीक्षेसाठी मी मोठ्याने वाचून रेकॉर्ड केलेली सगळी पुस्तकं त्यात आहेत, राज्यघटनेपासून भूगोलापर्यंत. मथुराबाई म्हणाल्या, "त्येला आता नकोत. दुसऱ्या कुनाच्या कामी येतील."

चहा घेतला, शेंगा निवडायला मला मदत केली आणि उठता उठता खरं बोलल्या. "बाई, त्या जागेचा फारम निघालाय. दहा मार्च शेवटची तारीख हाय. ह्यो भरीना. म्हनतो, माझ्या कानाचा न् डोक्याचा भरवसा न्हाई राहिला. आधी नुसत्या आवाजावर बस वळखायचा. आता दोघातिघांना इचारतो, आन् तवर बस निघून जाती."

अशी जाहिरात पुन्हा कधी निघेल ते सरकारलाही माहीत नसतं. मागच्या खेपेला तू दोन गुणांनी राहिलास. दोन गुण म्हणजे एक प्रश्न. एका प्रश्नासाठी माणूस मनातलं सगळं चित्रच पुसून टाकतो का रे? तू तरी नाही.

फॉर्म भर. एवढंच सांगायला पत्र लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी लेखनिकाचं काम सोडलं ते गुडघ्यांमुळे, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. गुडघे तसेच आहेत.

तुझी,
मंदाकिनीकाकू


१७ फेब्रुवारी

समर्थ,

हे पत्र मी पाठवणार नाही, त्यामुळे आशीर्वाद वगैरे नकोत.

ऋतिकाचा फोन आला होता. तू पत्र शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "गुडघ्यांना आराम पडो." बाकी काही नाही. कॉलेजच्या टेलिफोनवर दिवसभर लोकांना जोडून देतोस, मला मात्र बरोबर तोडलंस. तक्रार नाही. आधी तुझे फोन मीच उचलेनाशी झाले होते.

आपली पहिली भेट आठवते. दीपालीताईंच्या अंधांसाठीच्या संस्थेतली ती मागची खोली. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून मी नुकतीच निवृत्त झाले होते. बारावीच्या पुढे शिकले नाही याची आयुष्यभर बोच होती, आणि इथे दीपालीताई खूश झाल्या. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी हवं, असा नियम. म्हणजे दिसत नसलेल्या परीक्षार्थीच्या शेजारी बसायचं, प्रश्न वाचून दाखवायचा, तो सांगेल ते उत्तर नोंदवायचं आणि स्वतःची अक्कल घरी ठेवून यायची. मी म्हटलं, हे जमेल. छापखान्यात तेच करत आले.

पुस्तकं काढून बसले तर तू म्हणालास, "काकू, अभ्यास नंतर. आधी एक पान लिहून घ्या."

त्या खोलीच्या भिंतींवर यशाबद्दल मोठमोठ्या अक्षरांत बरंच काही लावलेलं होतं, डोंगरावर चढणारी माणसं आणि उगवता सूर्य. तुला ते दिसत नव्हतं ते बरंच होतं. तू जे सांगितलंस त्यात डोंगर नव्हता की सूर्य नव्हता. तहसील कचेरीतली दाखल्यांची खिडकी होती. टेबल तळमजल्यावर हवं, जिना नको. टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची हवी, आणि ती कायम रिकामी हवी. माणूस आला की मी म्हणेन, बसा आधी. मग त्याचा कागद त्याला वाचून दाखवीन, सगळा, आणि मगच अंगठा. एका खेपेत काम. आईने माझ्या दाखल्यासाठी सात खेपा घातल्या, सातही वेळा उभी होती.

"अधिकारी व्हायचंय, असं का नाही लिहीत?" मी विचारलं.

"अधिकारी होऊन काय करू? मला ती खुर्ची हवी आहे. समोरची."

मी तीस वर्षांच्या मुलाकडे बघत राहिले. मला बासष्टाव्या वर्षापर्यंत कधी काही इतकं नेमकं हवंसं वाटलं नव्हतं. मी दुसऱ्यांचं नेमकं करत आले, आणि त्याचाच मला तोरा होता.

मग तू म्हणालास, वाचून दाखवा. मी वाचलं. "कृपया आधी आसनस्थ व्हावे." तू हात वर केलास. "मी असं नाही म्हणालो. मी म्हणालो, बसा आधी." मी हसून म्हटलं, अरे, जरा सुधारलं. तू हसला नाहीस. पान बदलून लिहून घेतलंस, आणि त्यानंतर दोन वर्षं रोज अभ्यासाआधी ते पान माझ्याकडून वाचून घेत होतास. कंटाळा आला असेल, ताप असेल, आदल्या दिवशी सराव परीक्षेत आपटला असशील, तरी "काकू, आधी पान." ते वाचलं की तुझी पाठ सरळ व्हायची. मी ते अनेकदा बघितलं आहे.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की माझा हात कसला आहे. आमचे हे म्हणतात, तू उपाहारगृहात जेवायला जात नाहीस, मेनूकार्ड तपासायला जातेस. सोसायटीच्या नोटिशीवर मी लाल पेनने खुणा करते. चूक दिसली की हात थांबत नाही. पण छापखान्याचा एक नियम होता आणि तो मी एकतीस वर्षांत मोडला नाही. अक्षरजुळणी करणाऱ्याची चूक आपण सुधारायची, लेखकाच्या म्हणण्याला हात लावायचा नाही. लेखक चुकतोय असं वाटलं तर समासात प्रश्नचिन्ह करायचं. ठरवायचं त्याने.

आता परीक्षेचा दिवस. वाघोलीतलंच केंद्र, संगणकावरची परीक्षा, माउस माझ्या हातात. प्रश्न त्रेसष्टावा. पानशेत धरण कोणत्या नदीवर आहे?

तू म्हणालास, आंबी.

समर्थ, मी मुठा दाबलं.

मी कसब्यातली. एकसष्टच्या पुरात आमच्या माहेरी माळ्यापर्यंत पाणी चढलं होतं, त्या गोष्टी ऐकत मी लहानाची मोठी झाले. पानशेत फुटलं आणि मुठेला पूर आला, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि वाघोलीचा मुलगा मला पानशेत शिकवतो! असंच मनात आलं, याच शब्दांत. आंबी हे नाव मी त्या दिवसापर्यंत ऐकलेलंही नव्हतं. तुझा हातचा प्रश्न जाऊ नये म्हणून दाबलं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. त्यात थोडं खरं असेल. जास्त खरं तो तोराच.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पानशेत आंबीवरच आहे. आंबी पुढे मुठेला मिळते. ते पुस्तक तुझ्यासाठी मीच वाचून रेकॉर्ड केलं होतं. माझ्याच आवाजात ते नाव त्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. तू ऐकलंस. मी वाचूनही ऐकलं नव्हतं.

एवढंच. झालं लिहून.


२० फेब्रुवारी

समर्थ,

एवढंच नाही. पण उरलेलं आज जमत नाही.

मागचं पत्र मी कपाटात ठेवलं होतं ते आमच्या ह्यांना, श्यामसुंदररावांना, सापडलं. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोस्टाची पेटी रस्त्यावर असते. कपाटात नसते."

मी म्हटलं, पाठवलं तर ऋतिका वाचणार, त्याच्या आई ऐकणार. त्यांच्या घरातल्यांसमोर मी कशी बोलू?

"मग त्याला वाचता येईल असं लिही."

"फोनवर टाइप केलं तर त्याचा फोन ते मोठ्याने वाचतो. कॉलेजच्या कचेरीत."

"तो काय भोंगा लावून ऐकतो? कानात घालतो ना ते?" मग म्हणाले, "मंदा, तुला सबब हवी आहे की रस्ता?"

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, माणूस दिवसाला पाच वाक्यं बोलतो, त्यातलं एक असं.

आज संस्थेत गेले होते. दीपालीताईंना म्हटलं, मला ब्रेल शिकवा. त्यांना वाटलं, सेवेची आवड. त्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं, नाही सांगितलं. जाड कागद, खाचांची पाटी आणि टोचणी घेऊन घरी आले. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, सगळं उलटं, मग कागद पालटला की ठिपके वर येतात. आज पहिल्याच दिवशी माझं स्वतःचं नाव तीनदा चुकलं.

आणि एक गोष्ट कळली. यात खोडता येत नाही. चुकीचा ठिपका नखाने दाबला तरी बोटाला त्याची खूण लागते, असं दीपालीताई म्हणाल्या. चूक झाली तर तशीच सोडायची आणि पुढे लिहायचं.

दहा मार्चला अठरा दिवस आहेत. मला रोज चार ओळी जमल्या तरी पुष्कळ.


३ मार्च
(ब्रेलमध्ये लिहिलेलं पत्र)

समर्थ,

हे मीच टोचलं आहे. कुणाला वाचायला देऊ नकोस, द्यावंसं वाटलं तर दे. चुका पुष्कळ आहेत. मला दिसतात. मोजल्या नाहीत.

प्रश्न त्रेसष्ट. तू आंबी म्हणालास. मी मुठा दाबलं. तुझं बरोबर होतं.

उत्तर नोंदवण्याआधी मी ते मोठ्याने म्हणायचं, अशी आपली पद्धत होती. त्या दिवशीही म्हणाले. तोंडाने आंबी म्हणाले आणि हाताने मुठा दाबलं. तुला दिसत नाही म्हणून ते जमलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

उत्तरपत्रिका जाहीर झाली तेव्हा ऋतिकाने तुला वाचून दाखवली. तू मला फोन केलास. विचारलंस, काकू, त्रेसष्टला मी मुठा म्हणालो होतो का? मला आंबी आठवतंय. तुमच्या तोंडूनही आंबीच ऐकल्याचं आठवतंय.

मी म्हणाले, नाही रे. मुठाच म्हणालास.

तू म्हणालास, मग माझं काहीतरी बिघडलंय.

मी फोन ठेवला.

उत्तर बदललं त्यात तुझे दोन गुण गेले. त्या फोनमध्ये मी तुझे कान घेतले. दुसरं मोठं. मला ते तेव्हाही कळलं होतं. म्हणून गुडघे.

तुझं काही बिघडलेलं नाही. तुझे कान चांगले आहेत, आठवण चांगली आहे. खोटी मी होते.

तुझं ते पान माझ्याकडेच राहिलं होतं. तेही टोचून सोबत जोडलं आहे, आता ते वाचायला तुला माझी गरज नाही. बसा आधी, असंच लिहिलं आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल. फॉर्म भर.

मंदाकिनी


१० मार्च

चि. समर्थ यास,

आशीर्वाद द्यायचा हक्क राहिला आहे की नाही माहीत नाही. सवयीने लिहिला.

आज दुपारी तू फोनवर सांगितलेलं पत्र सोबत आहे. तू म्हणाला होतास की त्याची एक प्रत दीपालीताईंना आणि एक तुला. तुझी प्रत शाईत आहे, ऋतिका वाचील. आता तिने वाचायला हरकत नाही.

त्याआधी काय झालं ते तुझ्या आईंनी मला कालच कळवलं होतं, तुला न सांगता. तेही लपवत नाही. त्या म्हणाल्या, "बाई, तीन येळा वाचलं त्यानं, बोटं फिरवून फिरवून. मंग मला म्हनला, आये, पानशेतचं धरान कुठल्या नदीवर हाय? मी म्हनलं, मला काय ठावं. तर म्हनला, आंबी. आन् परत म्हनला, आंबी. लई येळ तेवढंच म्हनत बसला. मंग ऋतीला हाक मारली, फारम काढ म्हनला." मग त्या म्हणाल्या, "तुमी असं करायला नको हुतं, बाई. माझ्या घरात दोन वर्सं कुनी नीट जेवलं न्हाई." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या शेंगा मी खाल्ल्या होत्या.

आणि आज तुझा फोन. दोन वर्षांनी "काकू" ऐकलं. मी काही बोलणार तोच तू म्हणालास, "बोलू नका. लिहून घ्या. मी सांगतो तसं."

तर हे ते:

"दीपालीताई,

मी समर्थ बोलतोय आणि मंदाकिनीकाकू लिहितायत. मागच्या परीक्षेत प्रश्न क्रमांक एकसष्टला मी दिलेलं उत्तर काकूंनी मला न सांगता बदललं. ते चुकीचं निघालं. मी विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या. म्हणून त्यांचं नाव लेखनिकांच्या यादीतून कायमचं काढा. कुणालाच असा लेखनिक नको. आम्ही दुसऱ्याच्या हाताने लिहितो, तो हात आमचा नसला तर आमच्याकडे काही उरत नाही.

निकालाबद्दल मी वर तक्रार करणार नाही. ती जागा ज्याला मिळाली तो कामाला लागलाय, त्याला कशाला त्रास. मला माझी जागा माहीत आहे. दोन वर्षं मी ती खुर्ची विसरायचा प्रयत्न केला, विसरता आली नाही. जागा तिथेच आहे, मीच जायचं थांबवलं होतं.

मी फॉर्म भरला आहे. लेखनिक म्हणून मला तुमच्याकडची ती संस्कृती नावाची मुलगी द्या. तिला पानशेत कुठे आहे तेही माहीत नाही, म्हणून बरी.

काकूंनी मला दोन वर्षं पुस्तकं वाचून दाखवली. त्यांचं वाचन चांगलं आहे. ते काम त्यांना देता येईल. पेन ड्राइव्ह मला परत हवे आहेत.

समर्थ"

हे सगळं मी तुला फोनवर वाचून दाखवलं. तू "बरोबर" म्हणालास आणि फोन ठेवलास. मला पुढे काही विचारता आलं नाही, म्हणून पत्रात विचारते.

तू एकसष्ट म्हणालास. प्रश्न त्रेसष्टावा होता. चुकून म्हणालास की पुराचं साल डोक्यात होतं की माझी परीक्षा घेतलीस, मला माहीत नाही आणि मी अंदाज करणार नाही. आमचे हे शेजारी बसून म्हणाले, "अगं, आकडा तेवढा नीट कर, संस्थेत जायचंय पत्र." पेन हातात होतं.

एकसष्ट तसंच ठेवलं आहे. समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आहे. दीपालीताईंची प्रत अजून माझ्याकडेच आहे. आकडा बदलायचा असेल तर तू सांग, मग बदलते. राहू दे म्हणालास तर तसंच पत्र उद्या स्वतः नेऊन देते.

पेन ड्राइव्ह शेंगांच्या त्याच रुमालात बांधून ठेवले आहेत. मथुराबाईंना म्हणावं, या वेळी आल्या की आधी बसा.

मंदाकिनी